बर्फाच्या कंपनीतला माणूस

फरशी कोणतीही असो, तो आधी बुटाचा तळवा तिच्यावरून एकदा हळूच फिरवायचा आणि मगच पाऊल टाकायचा. स्टाफरूमची असो, मुख्याध्यापकांच्या खोलीतली असो, नाहीतर बँकेतली. आमच्या शिपायाला वाटायचं, सरांच्या बुटाला कायम काहीतरी लागलेलं असतं. त्याने बिचाऱ्याने दाराशी एक गोणपाट आणून टाकलं. सरांनी गोणपाटावरूनही बूट फिरवून पाहिला.

आमच्या गोंदियाच्या शाळेत तो पीटी शिकवायचा. माझ्याहून वयाने खूप लहान, म्हणून इथे 'तो' म्हणते. समोर मात्र आम्ही सगळे त्याला 'सर'च म्हणायचो. मी मराठी शिकवत होते. ज्या गावात पोरं "मॅडम, या कवितेचा मतलब काय?" असं विचारतात, तिथे मराठीच्या बाईला आणि पीटीच्या मास्तरला सारखाच मान असतो. परीक्षा जवळ आली की आमच्या दोघांचेही तास गणिताला जायचे. अशा फुकट मिळालेल्या तासांत आमची ओळख वाढली.

उंच, सडसडीत, पाठ सरळ. हाक मारली की आधी मान वळायची, मग खांदे, मग उरलेला माणूस. बोलणं थोडं. पण एक वाक्य त्याच्या तोंडी सारखं असायचं: "हे दोघांचं काम आहे, मॅडम." सतरंजी झटकणं दोघांचं काम आहे, हे मलाही पटायचं. बाक उचलणंही. पण हा चहा गाळण्यालासुद्धा तेच म्हणायचा.

"चहा गाळायला दोघं कशाला, सर?"

"एकानं गाळणी धरली तर सांडत नाही," तो म्हणायचा आणि गाळणी धरायचा.

शाळेत येण्याआधी तो बरीच वर्षं दिल्लीकडे होता. तिथे काय करत होता, हे विज्ञानाच्या सरांनी एकदा विचारलं. त्याचं गाव बोदलकसा तलावाच्या बाजूला. घरची धानाची शेती मोठी, पवारांचं जुनं घर. अशा घरचा पोरगा दिल्लीला कशाला गेला असेल, याची सगळ्यांना उत्सुकता होती.

"बर्फाच्या कंपनीत होतो," तो म्हणाला.

झालं. तेव्हापासून तो स्टाफरूमपुरता बर्फवाला झाला. स्नेहसंमेलनाच्या सरबताला बर्फ हवा होता, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "सर, ये आपका डिपार्टमेंट." त्याने एका शब्दानेही नाही म्हटलं नाही. हातगाडीवरून धानाच्या भुशात गुंडाळलेल्या लाद्या आणवल्या. सगळे स्टेजच्या गडबडीत होते. मी पाणी प्यायला मागे गेले, तर हा एका लादीवरचा भुसा झटकून तिच्यावर तळहात ठेवून उभा. हात लालभडक झालेला. मला पाहून त्याने हात चटकन खिशात घातला. भाजीत बोट घालताना पकडलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता. मला वाटलं, जुन्या नोकरीची आठवण येत असेल. तुम्हालाही तेच वाटलं असतं.

शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर त्याने मुलींचा स्केटिंगचा वर्ग सुरू केला. चार चाकांचे बूट घालून पोरी घसरत, पडत, रडत आणि मग हळूहळू वाऱ्यासारख्या फिरायला लागल्या. तो ओरडायचा नाही. "गुडघा वाकव, गुडघा," एवढंच. पडलेल्या मुलीला हात देऊन उठवायचा नाही. बाजूला उभा राहून ती उठेपर्यंत थांबायचा.

एकदा आठवीच्या दोघी जणी हात धरून फिरत होत्या. एक पुढे तोंड करून, दुसरी मागे. इतकं सुंदर दिसत होतं की मी वर्गाच्या खिडकीत उभी राहिले. त्याने पाहिलं आणि सावकाश म्हणाला, "सोडा हात."

"पण सर, छान जमून राहिलं."

"सोडा म्हटलं नं."

मग तो नळाजवळ जाऊन बसला. आल्यावर त्या दोघींना म्हणाला, "हात धरला की मधातच सोडता येत नाही. म्हणून नको." पोरी हसल्या. त्या एवढ्यातेवढ्यावर हसायच्याच. मला मात्र तो उगाच कडक माणूस वाटला.

नागपूरला शाळांच्या स्पर्धा होत्या. मुलींबरोबर शिक्षिका हवी म्हणून मी गेले. सकाळी मैदानात परीक्षकांची ओळख करून देत होते. आखूड केसांची, काळा कोट घातलेली एक तिशीतली बाई उठून उभी राहिली. लाउडस्पीकरवर तिचं नाव सांगितलं, नंदिता, आणि पुढे म्हणाले, "आइस डान्स की राष्ट्रीय विजेता."

तो माझ्या पायाशी बसून एका मुलीच्या बुटाची नाडी बांधत होता. त्याचे हात थांबले.

"मॅडम, ही नाडी तुम्ही बांधा," तो म्हणाला आणि प्रेक्षकांच्या पायऱ्यांमागे निघून गेला. मुलींच्या नावाचा पुकारा झाला तरी आला नाही. आमच्या पोरींनी एकट्यांनीच आपापलं केलं, आणि चांगलं केलं.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला शोधत मागे गेले. पाण्याच्या टाकीजवळ तो उभा होता. माझ्या मागोमाग ती बाईही तिथे आली. मला ओलांडून सरळ त्याच्यासमोर.

"लड़कियों के घुटने देखकर ही समझ गई थी," ती म्हणाली. "ऐसे और कौन सिखाता है?"

तो मान खाली घालून उभा. मी निघायला लागले, तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला जाता येईना.

"मम्मी पूछती रहती हैं, कुछ पता चला क्या?"

"और अंकल?" त्याने कसंबसं विचारलं.

"पापा पिछली सर्दियों में चले गए."

ती रागावलेली दिसत नव्हती, दमलेली दिसत होती. मग म्हणाली, "बाहर तक आओ. कुछ बताना है." ते दोघे फाटकापर्यंत चालत गेले. दोघांच्या मधे माणूसभर अंतर होतं, पण पावलं एकाच वेळी पडत होती. मी मागून पाहत होते. त्यांच्या ते ध्यानातही नसावं.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही परत निघालो. पोरी चिवडा खात, पदकं एकमेकींच्या गळ्यात घालत दंगा करत होत्या. भंडारा रोड गेलं तेव्हा तो बोलायला लागला. खिडकीबाहेर बघत, सबंध रस्ताभर. मधे मला फार विचारावं लागलं नाही.

तो स्केटिंग शिकला गोंदियातच, शाळेत असताना. चाकांवर. राज्यात पहिला आला, मग दिल्लीजवळच्या एका शिबिराला गेला. तिथे एका मॉलमध्ये बर्फाचं छोटं रिंक होतं. तिथल्या प्रशिक्षकाने याला उभं करून पाहिलं आणि विचारलं, बर्फावर नाचशील का?

"आइस डान्समधे उड्या नसतात, मॅडम. फेकाफेकी नसते. एक मुलगा, एक मुलगी, एका गाण्यावर. पात्याच्या कडेवर तिरपं होऊन चालायचं. आपण किती झुकलो, ते दुसऱ्याच्या हाताला समजते. दोघांत अंतर पडलं का मार्क कटले." समोर दंगा करणाऱ्या पोरींकडे पाहून म्हणाला, "मुली खूप असतात त्यात. मुलंच भेटत नाहीत. नाचायचं म्हटलं का मुलं पळतात."

नंदिताला जोडीदार नव्हता. तिच्या आईवडिलांनी याला घरीच ठेवून घेतलं. कॉलेज तिथेच केलं. तिची आई त्याच्यासाठी वेगळा भात लावायची, कारण पोळीने त्याचं पोट भरायचं नाही. वडील पहाटे दोघांना स्कूटरने रिंकवर न्यायचे, मॉल उघडायच्या आधी. हिवाळ्यात सिमल्याला जायचे. तिथे उघड्या मैदानात बर्फ जमवतात, ऊन आलं की तो मऊ पडतो. त्याआधी जेवढं होईल तेवढं. वडील कठड्याला टेकून थर्मास धरून उभे. पडले तर दोघांनाही सारखंच रागवायचे.

"घरी काय सांगितलं होतंत?" मी विचारलं.

"मी खरं सांगितलं होतं. बाबांनीच गावात सांगितलं, पोरगा बर्फाच्या कंपनीत आहे म्हणून."

मला हसू आलं आणि लगेच जिरलंही, कारण तो हसला नव्हता.

ती दोघं देशात पहिली आली. परदेशातल्या मोठ्या स्पर्धेसाठी निवड झाली. गोंदियाच्या हिंदी पेपरात कौतुकाने फोटो छापून आला. फोटोत चमचमता सदरा घातलेला हा एका गुडघ्यावर झुकला होता आणि नंदिता त्याच्या मांडीवर एक पाय टेकवून, हात पसरून उभी होती. बर्फावर ते फार अवघड असतं. गावच्या पानठेल्यावर ते काही वेगळंच दिसलं.

त्याच सुमारास त्याच्या बहिणीचं लग्न केशोरी गावच्या एका घरी ठरत आलं होतं आणि तिकडून पुढचा निरोप येत नव्हता. वडिलांनी फोन केला. "तुया नाचण्यापायी पोरीचं लगन अडून राहिलं. घरी ये."

हा आला. केशोरीची मंडळी पोरीला बघायला परत आली तेव्हा बहिणीच्या होणाऱ्या सासऱ्यांनी सहज विचारलं, "पेपरात तुमचा फोटो होता म्हणते?" वडिलांनी मान वर केली नाही.

"मी म्हटलं, नाही जी. तो दुसरा कोणी असेल."

गाडीचा आवाज चालू होता. समोरच्या बाकावरची आमची एक मुलगी झोपेत कलंडली, तर त्याने उठून तिच्या डोक्याखाली बॅग सरकवली आणि परत येऊन बसला.

"एकदा नाही म्हटलं, मॅडम. मग परदेशात जाणार कसा? परत फोटो आला असता. मी फोन बंद करून टाकला. त्यांना काहीच सांगितलं नाही. नंदिताचं सगळं तयार होतं. पण जोडीतला एक नाही आला तर दुसऱ्याला बर्फावर उतरताच येत नाही. नाव निघून जाते."

बहिणीचं लग्न ठरलं. आणि लग्नाच्या तयारीत असताना एका दुपारी नंदिताचे वडील गावात येऊन उभे राहिले. पत्ता विचारत, तिरोड्याहून ऑटो करून. त्यांना वाटलं होतं, पोराला अपघात झाला असेल. याचे वडील ओसरीत होते. त्यांनी सांगितलं, तो इथे नाही. पाहुणे खाटेवर बसले, पाणी प्यायले. म्हणाले, "कोई बात नहीं. बस इतना बता दीजिए कि ठीक तो है न."

"मी दाराच्या मागं होतो," तो म्हणाला. "हातभर अंतरावर. ज्या घरचा भात खाल्ला त्या घरचा माणूस उन्हात आला आन् मी दाराच्या मागं उभा. ते उठले, चालले गेले. मी खिडकीतून त्यांची पाठ पाहिली."

मी म्हटलं, "त्यांना काय माहीत तुम्ही आत होतात."

"होतं माहीत. आज नंदितानं तेच सांगितलं. घरी गेल्यावर आंटीनं विचारलं, भेटला का? तर ते म्हणाले, भेटला नाही, पण ठीक आहे. दाराशी त्याचे जोडे होते."

गोंदिया येईपर्यंत तो तळहातांकडे बघत होता. पोरींना त्यांच्या आईबापांच्या ताब्यात देताना मात्र प्रत्येकीच्या गुडघ्यांचं कौतुक केलं.

नंदिताला पुढे जोडीदार मिळालाच नाही. तिने स्पर्धा सोडली, शिकवायला लागली. आता उत्तराखंडातल्या एका नव्या रिंकवर तिच्याकडे लहान जोड्या होत्या आणि मुलांना शिकवणारा माणूस नव्हता. फाटकाशी तिने त्याला शेवटी एवढंच म्हटलं होतं: यायचं तर ये, काम आहे.

त्यानंतर कितीतरी दिवस तो शाळेत येऊन नुसता काम करून जायचा. मग एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला. मागे ट्रकांचे हॉर्न, ढाब्यावरचं गाणं.

"मॅडम, मी कोहमाऱ्याला उभा आहो. केशोरीहून परत येऊन राहिलो."

"बहिणीकडे गेला होतात?"

"तिच्या सासऱ्यांकडे. सांगून टाकलं का तो फोटोतला मीच होतो. मी खोटं बोललो होतो, माफ करा."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, तूच होता हे तं आम्हाले तवाच समजलं. तू नाही म्हटला, आमी म्हटलं नसन सांगाचं पोराले. मी विचारलं, मग लग्न काऊन अडलं होतं? तर म्हणाले, आमच्या घरी सुतक होतं बापू. तुया बापाले सांगितलं होतं नं तसं." मग म्हणाला, "मॅडम, त्यांनी चहा दिला. सासूबाई म्हणाल्या, तो फोटो आमी पोरीले दाखवला होता, तुया भाऊ, पाह्य, किती चांगला दिसून राहिला म्हणून. ते हसले असते तर बरं झालं असतं."

"घरी जा आधी," मी म्हटलं. "वडिलांशी बोला."

"बाबांना काय बोलू? त्यांनी काही ऐकलंच नसेल. फोटो पाहिल्यापासून त्यांना दुसरं काही ऐकू येत नव्हतं. आन् 'नाही' तर मीच म्हटलं नं. माझ्या तोंडानं."

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या तेव्हा त्याने राजीनामा दिला. वडिलांना एवढंच सांगितलं, बर्फावर शिकवायला चाललो. वडिलांनी विचारलं, "लोकायले काय सांगू?" तो म्हणाला, "तुम्हाला वाटेल ते सांगा, बाबा." शेवटच्या दिवशी तो मला भेटायला आला. मी भाबडेपणाने म्हटलं, आता तरी मनावरचं ओझं उतरलं असेल.

"नाही उतरत, मॅडम. अंकल असते तर पायावर डोकं ठेवलं असतं. आता कोणापुढं ठेवू? आंटीपुढं उभं राहायचं अजून व्हायचं आहे. नंदिताला म्हटलं तर ती म्हणते, रडायचं असेल तर मुलं गेल्यावर रड, आधी काम कर." तो पहिल्यांदा थोडा हसला. "म्हणून करतो काम."

त्याच्या जागी आता दुसरे सर आहेत. शिट्टी फार वाजवतात. मुलींचा वर्ग बंद पडला. त्यातल्या दोघी तिघी मैदानाच्या कडेला अजून फिरताना दिसतात.

या हिवाळ्यात शाळेची सहल बोदलकशाला गेली. पोरं तलावावर पक्षी बघत होती. त्याचं गाव जवळच, म्हणून मी दुपारी त्याच्या घरी जाऊन आले. आई बहिणीकडे गेली होती. वडील ओसरीत खाटेवर एकटेच होते. मोठा, रुंद हाडांचा माणूस, आता जरा वाकलेला. माझी ओळख सांगितली, तर पाणी दिलं, बसा म्हणाले.

"तुमाले फोन येते का जी त्याचा?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, येतो, व्हिडिओही पाठवतो. मोबाईल काढून दाखवला. एक छोटी जोडी बर्फावर फिरत होती. तो कठड्याबाहेर जाड कोट घालून उभा होता.

"यात तो कोटी हाय?"

"हा काय, कडेला."

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "नाचून नाही राहिला?"

"नाही. शिकवतात आता."

व्हिडिओ संपला. ते दूर बांधाकडे बघत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जुना नाही का जी एखादा? तो नाचते तसा?"

त्याच्याकडून माझा नंबर घेऊन नंदिताने मला एक पाठवला होता. मी तो लावून फोन त्यांच्या हातात दिला. संगीत सुरू झालं. पांढऱ्या बर्फावरून तो आणि ती एकमेकांना धरून तिरपी वळणं घेत चालली होती, कुठून सुरू झालं आणि कुठे वळलं हे कळू नये इतकी हलकी. म्हाताऱ्यांनी फोन चेहऱ्याजवळ नेला.

तेवढ्यात फाटकातून शेजारचा माणूस आत आला. "काय पाहून राहिले, भाऊ?"

म्हाताऱ्यांनी झटकन फोन मांडीवर उपडा घातला आणि वर पंजा ठेवला. संगीत तसंच वाजत राहिलं, बोटांच्या फटींतून. शेजारी उभा. म्हाताऱ्यांचा चेहरा खाली, कानापर्यंत लाल झालेला.

मग ते खाटेवर जरा सरकले, बाजूला जागा केली.

"बस," ते शेजाऱ्याला म्हणाले, आणि फोन सुलटा केला.